तारीख घेण्याआधी ती जळजळ सर्जनना सांगा

प्रश्न: वय ३८, उंची १५८ सेंटिमीटर, वजन १०८ किलो. सहा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि गेल्या वर्षापासून डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. शेवटचं एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.४ आलं. बीपीची गोळी आहे, त्यातच लघवी वाढवणारं औषध आहे. रात्री घोरते, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो. तीनदा पंधरा-पंधरा किलो वजन उतरवलं आणि तिन्ही वेळा ते परत चढलं. सर्जननी वजन उतरवण्यासाठी स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशन, सुचवली आहे, पुढच्या महिन्यातली तारीख देतो म्हणतात. घरचे म्हणतात, पोट कापून घेण्यापेक्षा तोंडावर ताबा ठेव. ऑपरेशन करावं का? केलं तर नंतरचे महिने नेमके कसे जातात, कामावर कधी जाता येतं? अजून एक मूलही हवं आहे.
ता. क. पित्ताची गोळी रोज लागते, तरी रात्री आंबट पाणी घशाशी येऊन जाग येते. ते बहुधा जाडीमुळेच असावं.

उत्तर: ताई, ता. क. म्हणून जे लिहिलंत तिथूनच सुरू करतो. 'करावं का' या प्रश्नाचं उत्तर तुमच्या आकड्यांवरून बऱ्यापैकी सरळ देता येतं. 'कोणतं करावं' हे मात्र त्या शेवटच्या दोन ओळींवर ठरेल. रोज गोळी घेऊनही आंबट पाणी वर येत असेल, तर स्लीव्ह हे ऑपरेशन तुमच्यासाठी चुकीचं ठरण्याची बरीच शक्यता आहे. सर्जनना तुम्ही हे सांगितलंत का, ते पत्रावरून कळत नाही. सांगितलं नसेल तर आधी ते सांगा.

आता करावं का, ते पाहू. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, साधारण ४३ येतो. १९९१ पासून चालत आलेला नियम असा होता की बीएमआय ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर असून सोबत आजार असतील, तर ऑपरेशनचा विचार करावा. २०२२ मध्ये या विषयातल्या अमेरिकी आणि जागतिक संघटनांनी मिळून ही मर्यादा खाली आणली. आता ३५ च्या वर आजार असो वा नसो, मधुमेह असेल तर ३० पासून, आणि आशियाई वंशाच्या लोकांना २७.५ पासूनच ऑपरेशनचा पर्याय दिला जावा असं त्या सांगतात. तुम्ही जुन्या नियमातही बसता आणि नव्यातही. मधुमेह सहाच वर्षांचा आहे आणि इन्सुलिन अजून लागलेलं नाही. अशा लोकांची साखर ऑपरेशननंतर गोळ्यांशिवाय ताब्यात येण्याची शक्यता पंधरा-वीस वर्षं जुन्या मधुमेहापेक्षा बरीच जास्त असते. म्हणून आमचं मत करावं असंच आहे, आणि फार वर्षं लांबवू नये.

घरच्यांना एक गोष्ट समजावून सांगा. तीन वेळा पंधरा किलो उतरवून दाखवणाऱ्या बाईचा तोंडावर ताबा नाही, असं म्हणताच येत नाही. वजन उतरलं की शरीर त्याला उपासमार समजतं. भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं, आणि बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जाही घटते. हा बदल वजन उतरल्यावर वर्षभरानंतरही टिकून राहतो. ऑपरेशन नेमकं इथे काम करतं. जठर लहान झालं म्हणून कमी जेवलं जातं, हा त्याचा अर्धाच भाग. स्लीव्हमध्ये घ्रेलिन तयार करणारा जठराचा वरचा फुगीर भागच काढला जातो. बायपास या दुसऱ्या प्रकारात जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचतं आणि तिथून जीएलपी-१ सारखी, भूक मारणारी आणि इन्सुलिनला मदत करणारी संप्रेरकं जास्त सुटतात. म्हणूनच कित्येकांची साखर वजन उतरायच्या आधीच, पहिल्या काही दिवसांत खाली येते.

धोका किती? अनुभवी केंद्रात पहिल्या ३० दिवसांत मृत्यूचं प्रमाण हजारी एकाच्या आसपास असतं, म्हणजे पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या तोडीचं. दुसऱ्या बाजूला, स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांहून अधिक लोकांची एक मोठी पाहणी झाली. २००७ मध्ये तिचे निष्कर्ष निघाले. वय आणि इतर धोके जमेस धरल्यावर, सरासरी अकराएक वर्षांत ऑपरेशन झालेल्यांतले मृत्यू न झालेल्यांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी होते. घरात चर्चा होईल तेव्हा हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडा.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनच्या औषधांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण निर्णय घेताना हा पर्यायही माहीत हवा. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के आणि टिर्झेपाटाइडने सुमारे २० टक्के वजन उतरलं. मधुमेह असलेल्यांत हे आकडे थोडे कमी येतात. औषध थांबवलं की बरंचसं वजन परत येतं, आणि मूल हवं असेल तेव्हा ते काही काळ आधी थांबवावंच लागतं. ऑपरेशनने २५ ते ३० टक्के उतरतं. यातलं एखादं इंजेक्शन आधीच चालू असेल तर भूलतज्ज्ञांना जरूर सांगा. त्याने जठर उशिरा रिकामं होतं, आणि भूल देताना पोटातलं अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका राहतो.

आता मुख्य मुद्दा, कोणतं ऑपरेशन. स्लीव्हमध्ये जठरात १२-१३ मिलिमीटर जाडीची नळी घालतात, तिला धरून स्टेपलरने जठर उभं कापतात आणि ७५ ते ८० टक्के जठर बाहेर काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी, शंभर-दीडशे मिलिलिटर मावेल एवढी. तिच्या खालच्या टोकाला जठराची झडप तशीच असते. नळी अरुंद, लवचीकपणा कमी आणि खाली झडप बंद, त्यामुळे आतला दाब वाढतो. दाबाला वाट लागतेच, आणि ती वर, अन्ननलिकेकडे असते. त्यात अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला जो कोन आम्ल वर येऊ देत नाही, तोही या कापण्यात सैल पडू शकतो. म्हणून स्लीव्हनंतर काहींना नव्यानं जळजळ सुरू होते, आणि ज्यांना आधीच आहे त्यांची वाढू शकते. काहींना पुढे केवळ यासाठी स्लीव्हचं बायपास करून घ्यावं लागतं. 'वजन उतरलं की पित्त आपोआप जाईल' हा तुमचा अंदाज बायपासच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरा ठरतो. स्लीव्हच्या बाबतीत त्यावर विसंबू नका.

बायपासमध्ये, म्हणजे रू-एन-वाय प्रकारात, जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, पण अन्नाच्या वाटेवर नसतं. आम्ल मुख्यतः तिथे तयार होतं, ते खाली जातं. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस मीटरभर खाली येऊन अन्नाला मिळतो. घशाशी यायला वर फारसं काही उरतच नाही. म्हणून ज्याला तीव्र आम्लाचा त्रास आणि मधुमेह दोन्ही आहेत, त्याच्यासाठी बायपासचं पारडं जड होतं. त्याची किंमतही आहे. पिशवी आणि आतडं जिथे जोडलेलं असतं तिथे अल्सर होऊ शकतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामकं आणि सिगारेट त्याची मुख्य कारणं, त्यामुळे ही दोन्ही जन्मभर बंद. दुखलं तर पॅरासिटामॉल. जीवनसत्त्वांची उणीव स्लीव्हपेक्षा जास्त होते. आतड्यांच्या पडद्यात राहिलेल्या फटीत आतडं अडकू शकतं. त्याबद्दल पुढे लिहितो. 'त्या फटी तुम्ही टाक्यांनी बंद करता ना?' असं सर्जनना थेट विचारा. मिनी बायपास नावाचा एका जोडाचा प्रकारही आहे. तो वजनासाठी आणि साखरेसाठी चांगला आहे, पण त्यात पित्तरस पिशवीकडे उलटा येऊ शकतो. तुमच्या लक्षणांवर आम्ही तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवू.

हे सगळं अंदाजावर ठरवू नका. एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तपासणी, करून घ्या. तिच्यात चार गोष्टी पाहायच्या: अन्ननलिकेला जखमा आहेत का आणि कितपत, जठर छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यातून वर सरकलंय का, अन्ननलिकेच्या अस्तरात बॅरेट्स नावाचा बदल झालाय का, आणि बायोप्सीत एच. पायलोरी जंतू आहे का. जखमा (ए ते डी अशा चढत्या श्रेणींतल्या) सी किंवा डी श्रेणीच्या निघाल्या, किंवा बॅरेट्स निघालं, तर स्लीव्हचा विषय संपतो. एंडोस्कोपी स्वच्छ आली तरी त्रास खरा असू शकतो. अशा वेळी अन्ननलिकेत आम्ल किती येतं ते मोजणारी २४ तासांची पीएच तपासणी आणि अन्ननलिकेच्या दाबाची तपासणी सांगतात. सगळं बघून सर्जन स्लीव्हच म्हणाले आणि कारण पटेल असं सांगितलं, तर तोही निर्णय असू शकतो. न बघताच म्हणाले, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

दुसरी राहिलेली तपासणी म्हणजे झोपेची. घोरणं आणि दिवसा डुलक्या, ही झोपेत श्वास अडकत असल्याची लक्षणं आहेत. भुलीनंतर आणि वेदनाशामकांच्या गुंगीत तो श्वास जास्त अडकतो. चाचणीत तसं निघालं तर ऑपरेशनच्या काही आठवडे आधीपासून सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देणारं) लावून झोपायची सवय करा आणि मशीन दवाखान्यात बरोबर न्या.

ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे बहुतेक ठिकाणी ८०० ते १००० कॅलरीचा, कमी पिष्टाचा आहार देतात. तो वजनासाठी नसतो. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. चरबीनं तो सुजलेला असेल तर दुर्बिणीतून काम करायला जागा राहत नाही. या आहाराने यकृत आक्रसतं. इथे तुमच्या गोळ्यांची गाठ पडते. ग्लिमेपिराइड साखर खाली ओढतंच राहतं, खाणं मात्र निम्म्यावर आलेलं असतं, त्यामुळे साखर अचानक उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. हा आहार सुरू व्हायच्या दिवशीच त्याचा डोस कमी किंवा बंद करण्याबद्दल मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोला.

डापाग्लिफ्लोझिनचा धोका वेगळा आहे आणि तो सहज नजरेतून सुटतो. खाणं फार कमी असताना हे औषध चालू राहिलं तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साचून आम्लता वाढते, आणि मीटरवरची साखर मात्र फारशी वाढलेली दिसत नाही. मळमळ, धाप, पोटदुखी यांना 'ऑपरेशनचाच त्रास' समजून वेळ जातो. ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी ते बंद हवं. कमी पिष्टाच्या आहारातही ते चालू ठेवायचं का, हे आधी विचारा. नंतरच्या द्रव आहारात ते आपण होऊन पुन्हा सुरू करू नका. एचबीएवनसी ८ च्या खाली आणून मग ऑपरेशन करणं बहुतेकांना पसंत असतं. बी१२, ड जीवनसत्त्व, फेरिटिन (लोहाचा साठा), फोलेट यांचीही रक्ततपासणी आधीच करा. इतकी वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी१२ आधीच खाली असू शकतं.

ऑपरेशन दुर्बिणीतून, पाच-सहा छोट्या छेदांतून होतं आणि दवाखान्यात एक-दोन रात्री जातात. त्याच संध्याकाळी उठवून चालवतात. ते कंटाळून टाळू नका. या ऑपरेशननंतरचा एक मोठा धोका पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाण्याचा असतो. चालणं आणि रक्त पातळ करणारी इंजेक्शनं त्यासाठीच असतात. पोटात भरलेल्या वायूमुळे एक-दोन दिवस खांदा दुखतो, तो चालण्याने हलका होतो.

घरी आल्यावर पहिले दोन आठवडे काम एकच, पाणी पिणं. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण ऑपरेशननंतर पुन्हा भरती व्हावं लागण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे शरीरातलं पाणी कमी पडणं. एका वेळी पेलाभर पिता येत नाही, आणि तहान लागेपर्यंत थांबलात तर भरपाई करता येत नाही. औषधाच्या बाटलीवर येतं ते ३० मिलिलिटरचं झाकण घ्या. दर १५ मिनिटांनी एक झाकण, घोट घोट करून. तासाला १२० मिलिलिटर झाले, जागेपणीच्या १४ तासांत सुमारे १७०० मिलिलिटर. मोबाइलवर गजर लावा. छातीच्या मधोमध दाटून आलं, उचकी लागली किंवा तोंडाला पाणी सुटलं, की घोट मोठा झाला असं समजा आणि दहा मिनिटं थांबा. लघवी गडद आणि कमी झाली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पाणी कमी पडतंय.

खाण्याच्या पायऱ्या प्रत्येक केंद्राच्या थोड्या वेगळ्या असतात, पण साधारण क्रम असा. पहिले एक-दोन दिवस आरपार दिसणारी पातळ पेयं. मग दोन आठवड्यांपर्यंत दूध, गाळलेलं सूप, प्रोटीन पावडरचं पेय. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं गुळगुळीत अन्न, त्यानंतरचे दोन आठवडे काट्याने सहज कुस्करेल असं मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचं अन्न, छोट्या घासांनी. स्टेपलची रेषा भरून यायची असते, म्हणून पायऱ्या गाळायच्या नाहीत. कितीही बरं वाटत असलं तरी तिसऱ्या आठवड्यात पोळी किंवा मांसाचा तुकडा नको. प्रथिनं दिवसाला ६० ते ८० ग्रॅम. जेवायला बसलात की आधी प्रथिनाचा घास, मग भाजी, जागा उरली तर बाकीचं. जेवताना आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. पाण्याबरोबर अन्न पिशवीतून खाली वाहून जातं आणि लवकर भूक लागते. सुरुवातीच्या दिवसांत तर जागाच पुरत नाही.

औषधांचा हिशोब पहिल्याच दिवसापासून बदलतो. बीपीच्या गोळीतलं लघवी वाढवणारं औषध, कमी पाणी आणि उतरणारं वजन मिळून बीपी फार खाली नेऊ शकतात, मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. ते औषध सहसा थांबवतात. ग्लिमेपिराइड बंद होतं. मेटफॉर्मिन दीर्घकाळ विरघळणारं असेल तर साध्या प्रकारात बदलून घ्या. पित्ताची गोळी मात्र जोड भरून येण्यासाठी काही महिने चालूच ठेवतात. घरी बीपी आणि साखर रोज मोजून वहीत लिहा. पहिल्या महिन्यात डोस अनेकदा बदलावे लागतात, आणि वहीत आकडे नसतील तर डॉक्टर अंदाजावरच चालतात.

आता ज्या गोष्टी घरात सगळ्यांना माहीत हव्यात, त्या. स्टेपलची रेषा किंवा जोड गळू लागणं ही शंभरातल्या एखाद्याला होणारी, पण जीवघेणी गोष्ट आहे. ती दवाखान्यात असतानाच होईल असं नाही. पहिल्या दोन ते चार आठवड्यांत केव्हाही होऊ शकते. पोट फार दुखेल, ताप येईल, मग कळेल, अशी वाट पाहू नका. सगळ्यात आधी नाडी वाढते. पडून असताना नाडी मिनिटाला १२० च्या वर असेल तर लगेच दवाखाना. १०० च्या वर तासन् तास राहत असेल तर सर्जनच्या टीमला फोन. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, वाढत जाणारी पोटदुखी, पुन्हा नव्याने सुरू झालेली डाव्या खांद्याची कळ, धाप, एका पोटरीची सूज, काळी शी, किंवा बारा तास घोटभर पाणीही न टिकणं, यांपैकी काहीही झालं तरी लगेच दवाखाना. ऑपरेशन जिथे झालं तिथेच जा. या ऑपरेशनांची सवय नसलेल्या ठिकाणी 'गॅस झालाय' म्हणून परत पाठवतात, आणि उशीर तिथेच होतो.

उलट्यांबद्दल आणखी एक. शरीरातला बी१, म्हणजे थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. कमी खाणं आणि सततच्या उलट्या मिळून तो संपला की नजर दुहेरी होते, चालताना तोल जातो, माणूस गोंधळल्यासारखं बोलतो. वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर स्मरणशक्तीचं नुकसान कायमचं राहतं. उलट्यांनी भरती व्हायची वेळ आली तर ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी थायमिनचं इंजेक्शन द्यायला हवं. आधी ग्लुकोज गेलं तर उरलासुरला साठाही त्यात खर्च होतो. हे वाक्य कागदावर लिहून ऑपरेशनच्या नावासह पर्समध्ये ठेवा, आणि तिथल्या डॉक्टरांना दाखवायला संकोच करू नका.

कामाचं. बसून करायचं काम असेल तर दोन ते तीन आठवडे, उभं राहून किंवा कष्टाचं असेल तर चार ते सहा आठवडे. तोवर पाच किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही, त्यात लहान मूलही आलं. पहिला महिनाभर दुपारी अंगातलं अवसान गळाल्यासारखं होतं. खाणं इतकं कमी असताना ते व्हायचंच, म्हणून जमलं तर सुरुवातीला अर्धा दिवस मागून घ्या.

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास वजनकाटा आठ-दहा दिवस हलत नाही. बहुतेकांचं असं होतं. सुरुवातीला साठवलेल्या साखरेबरोबरचं पाणी झपाट्याने गेलेलं असतं, शरीर आता ते थोडं परत धरतं. तेवढ्यावरून खाणं आणखी कमी करू नका. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मुठीनं गळतात. शरीराला बसलेल्या धक्क्यानं केसांची मुळं एकदम विश्रांतीला गेलेली असतात, आणि प्रथिनं, लोह नीट असेल तर ते परत येतात. वर्ष उलटूनही गळत राहिले तर फेरिटिन बघा. वजन झपाट्यानं उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून पित्ताशय शाबूत असेल तर सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड देतात. लिहून दिलेलं नसेल तर विचारा.

सगळ्यात कमी वजन साधारण बारा ते अठरा महिन्यांनी दिसतं. तुमच्या बाबतीत ते ७५ ते ८० किलोच्या आसपास धरा. म्हणजे बीएमआय तेव्हाही तिशीच्या थोडा वरच असेल. मनात ५५ किलोचा आकडा धरून ऑपरेशन टेबलावर जाणाऱ्याला ३० किलो उतरूनही हरल्यासारखं वाटतं, म्हणून हे आधीच सांगतो. त्यानंतर काही किलो परत येणंही अपेक्षितच असतं. सैल कातडी राहते आणि व्यायामानं ती जात नाही. स्नायू टिकवायला मात्र व्यायामच लागतो: चालणं पहिल्या दिवसापासून, आणि सहा आठवड्यांनी सर्जनची परवानगी मिळाली की आठवड्यातून दोन-तीनदा वजनांचा.

गोळ्या जन्मभर आहेत. बायपासनंतर रोज मल्टिव्हिटॅमिन. बी१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडाने किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. ड जीवनसत्त्व रोज ३००० युनिट. लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम, कारण तुमची पाळी चालू आहे. कॅल्शियम १२०० ते १५०० मिलिग्रॅम. कॅल्शियम सायट्रेटच घ्या. कार्बोनेट शोषायला आम्ल लागतं आणि त्या छोट्या पिशवीत ते फारसं नसतं. एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅमच्या वर शोषलं जात नाही, म्हणून तीन वेळा. कॅल्शियम लोहाला अडवतं, त्यामुळे दोन्हींत दोन तासांचं अंतर. रक्ततपासणी तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि मग दर वर्षी. दोन वर्षांनी सगळं छान चाललंय म्हणून गोळ्या सोडल्या, आणि पाचव्या वर्षी पायाला मुंग्या आणि ६ हिमोग्लोबिन घेऊन आलं, असं घडतं. हे रोजचं जमणार नाही असं मनापासून वाटत असेल तर आत्ताच सर्जनशी बोला. पर्याय निवडताना ते मोजायलाच हवं.

बायपासनंतर गोड खाल्लं तर दहा ते तीस मिनिटांत पोटात मुरडा, धडधड, घाम, जुलाब होऊ शकतात. साखर एकदम आतड्यात पडून पाणी ओढते, म्हणून. वर्षभरानंतर जेवणानंतर एक ते तीन तासांनी थरथर, घाम, डोकं सुन्न झालं तर ती साखर घसरण्याची लक्षणं असतात. तेव्हा मीटर लावून आकडा लिहून ठेवा. दारू बायपासनंतर लवकर आणि जास्त चढते, आणि काहींना नव्यानं तिचं व्यसन लागतं. काही वर्षांनी जेवल्यावर नाभीच्या वर कळा येऊन थांबत असतील तर ते फटीत अडकलेलं आतडं असू शकतं. सीटी स्कॅन साधा आला तरी ती शंका संपत नाही, सर्जनना दाखवाच.

मुलाचं. ऑपरेशननंतर किमान बारा ते अठरा महिने गर्भधारणा नको. वजन उतरत असताना बाळाला पुरेसं पोषण मिळत नाही. पाळी अनियमित असणाऱ्यांची ती वजन उतरताच नियमित होते, आणि नको तेव्हा दिवस जातात. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जाईल याची खात्री नसते, म्हणून तांबी किंवा इम्प्लांटचा (दंडात त्वचेखाली बसवतात त्या गर्भनिरोधकाचा) पर्याय ऑपरेशनच्या आधीच ठरवा. बाळाचा विचार सुरू करण्याच्या तीन महिने आधी डॉक्टरांना भेटा. मधुमेह असलेल्यांना फोलिक अ‍ॅसिडचा जास्त, ५ मिलिग्रॅमचा डोस देतात, आणि बीपीची काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत. गरोदरपणी साखरेसाठी ग्लुकोजचं पाणी पाजून करतात ती तपासणी बायपास झालेल्यांना करू नये. त्याऐवजी घरी मीटरवर काही दिवस जेवणाआधी आणि नंतर मोजतात. वाढत्या गर्भामुळे आतडी सरकतात, त्यामुळे वर लिहिलेल्या कळा तेव्हा आल्या तर 'गरोदरपणात होतंच' म्हणून सोडू नका.

पुढच्या महिन्यातल्या तारखेबद्दल शेवटचं. एंडोस्कोपी याच आठवड्यात मागून घ्या. एच. पायलोरी निघाला तर साधारण १४ दिवसांची औषधं, आणि तो गेला का याची तपासणी ती संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी. झोपेची चाचणी, सीपॅपची सवय आणि एचबीएवनसी ८ च्या खाली आणणं याच काळात बसतं. हे सगळं धरलं तर दोन-तीन महिने लागतील आणि दिलेली तारीख पुढे जाईल. ती जाऊ द्या.